फाटकावरचा कागद

"केस सोड," सुपरवायझर म्हणला.

मानवतच्या एका जिनिंगचं, सरकी काढायच्या कारखान्याचं फाटक. रात्री आठची सुट्टी झालेली. कापसाच्या गाड्यांचे डायवर चहा पेत उभे, मागं आमी बाया. मी म्हणले, "कामून?" तर म्हणतो, "डोक्यात माल हाय तुझ्या. चोरून न्यायलीस."

केसात कापूस न्यायला मी काय येडी हाय? जिनिंगमधी रुई उडती. नाकात जाती, डोळ्यात जाती, डोक्यात बसती. म्हणून सुट्टीला आमी बाया एकमेकींची डोकी अन् पाठी झाडतो, मंगच बाहेर पडतो. त्या दिवशी माझ्या पोरीला ताप होता. मी तशीच पळाले, बिनझाडलेली. तेवढंच त्याला पुरलं.

अंबाडा सोडला. एवढ्या बाप्यांसमोर. डायवर हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंग त्यानं पिशवी उलटी केली. डबा पडला, अन् युनियनच्या वर्गणीची पावती पडली. तवा कळलं, त्याला रुई नको होती, पावती पायजे होती.

सरकारनं धंद्यावाल्यांना कामाच्या तासांची मोकळीक देली म्हणं. तवापासून आठ तासाची पाळी बारावर गेली. म्हणून आमी बाया लाल बावट्याच्या युनियनमधी गेलो, गुपचूप.

त्यानं कागद पुढं केला. "सही कर. न्हाईतर चोरीची केस. पोलीस बोलावतो."

पोलिसाचं मला लय भ्या वाटतं. घरात कमावती मी एकटीच. मला न्हेलं तर तापातल्या पोरीकडं कोण बघणार? पेन घेतला. कागदावर टेकवला बी. तवा तो हळूच म्हणला, "तू दहावी शिकलेली. तू केलीस की बाकीच्या अंगठा देतील. वाचता कुठं येतं त्यांना?"

मागं माझ्याच पाळीतली गयामावशी उभी होती. बँकेचा असो का दवाखान्याचा, तिचा प्रत्येक कागद मीच वाचते. आज माझ्या सहीमागं तिचा अंगठा जाणार होता. माझीच मला शरम वाटली.

पेन ठेवला. कागद उचलला अन् मोठ्यानं वाचायला लागले. "मी कोणत्याही संघटनेची सभासद नाही. बारा तास काम मला मान्य आहे. जादा तासांचा मोबदला मागणार नाही."

गयामावशी म्हणली, "पुन्हा वाच, पोरी."

पुन्हा वाचला. त्यानं कागद हिसकून घेतला. पर बायांनी ऐकलं होतं. एकीनं बी अंगठा देला न्हाई.

ही कालची गोष्ट. भ्या गेलं असं कुणी समजू नका. दारावरून फटफटी गेली तरी पोलीस आले वाटून काळजात धस्स होतं. आता आठ वाजता कामावर जायचं हाय. तरी जाणार. तो नवा कागद आणील, तो बी सगळ्यांपुढं वाचीन. पोलीस आले तर पोलिसांपुढं वाचीन. सही करणार न्हाई.