धुक्यात दिलेला होकार

कुवेतच्या विमानतळावर धुकं यायचं ते डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पहाटे. उन्हाळ्यात आमचे ओठ सोलवटून काढणाऱ्या त्याच मैदानावर हिवाळ्यात समोरचा दिव्याचा खांब दिसेनासा व्हायचा. नाशिकला पत्रातून हे कळवलं, तेव्हा बायकोने धुक्याकडे दुर्लक्ष केलं आणि थंडी तेवढी उचलली. पुढच्या येणाऱ्या माणसाबरोबर तिने स्वतः विणलेली तपकिरी कानटोपी धाडली. डोळ्यांपुरती फट, बाकी नाक-तोंड सगळं बंद. ती घालून मी पहिल्यांदा कामावर गेलो, तेव्हा ट्रॅक्टर चालवणारा माझा सोबती म्हणाला, "मास्तर, विमानाक पण एक विणून मागवा. त्याचा नाक उघडा पडलाहा."

हा सोबती सिंधुदुर्गातला. मी चष्मेवाला आणि इंग्रजीत अहवाल लिहिणारा, म्हणून त्याच्यासाठी मी मास्तर. तो गावाकडे घाटात ट्रक चालवून आलेला. सकाळी आधी ट्रॅक्टरची काच पुसायचा आणि मग त्याच फडक्याने स्वतःचं तोंड. पुढे त्याचं नाव 'विमान ठोकणारा' असं पडलं आणि दहा वर्षं टिकलं. ते कसं पडलं, यातलं खरं काय ते सांगण्यासाठी मी लिहायला बसलो आहे.

आमचं काम असं : दुरुस्ती होऊन तयार झालेलं विमान, इंजिनं बंद ठेवून, ट्रॅक्टरने ओढत हँगरमधून त्याच्या जागेवर न्यायचं. ट्रॅक्टरवाल्याला मागचे पंख कुठवर पोचलेत ते नीट दिसत नाही. म्हणून दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस हातात पेटती कांडी घेऊन चालतो. कांडी उभी म्हणजे वाट मोकळी, आडवी म्हणजे थांब. कांडी दिसली नाही, तरीही थांब. नियम उत्तम होता, फक्त धुक्यात तो पाळला तर दहा वाजेपर्यंत विमान हलायचं नाही.

त्यावर आमच्या ट्रॅक्टरवाल्याने तोडगा काढला. त्यांच्याकडे डोंगरउतारावर एका शेतातून दुसऱ्या शेतात लांब 'कूऽऽ' करून हाक देतात. दर दहा-पंधरा पावलांवर तो इंजिन मंद करी आणि कू देई. दोन्ही टोकांकडून कू आला की पुढे निघे. एका जरी बाजूने गप्प राहिलं, तर ब्रेक. डाव्या टोकाला मी असे, उजव्याला केरळचा एक जण. त्याला शिकवावं लागलं नाही, त्यांच्या गावीही हीच हाक होती, आणि आमच्यापेक्षा सुरेल. साहेब लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, आमच्याकडची माणसं थंडीत गाणी म्हणतात.

दोन हिवाळे हे बिनतक्रार चाललं.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका पहाटे धुकं दाट होतं, पण रोजच्याइतकंच दाट. मला मात्र ते वाढत चाललेलं दिसलं. आधी पंखाचं टोक गेलं, मग हातातली कांडी गेली. खरं कारण असं की टोपीत कोंडलेला माझा श्वास वर चढून चष्म्यावर बसत होता. बाहेरचं धुकं कुठे संपतं आणि चष्म्यावरचं कुठे सुरू होतं, हे मला उमगलं नाही. मी थांबलो, चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसू लागलो. विमान पुढे गेलं, मी सात-आठ पावलं मागे राहिलो. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याचा कू आला.

मी गप्प राहायला हवं होतं. गप्प राहणं हेच माझं काम होतं. पण दोन वर्षांची सवय. चष्मा हातात, डोळे मिचमिचे, आणि तोंडातून लोकरीआडून कू निघून गेला.

मग आवाज आला, फरशीवरून पातेलं ओढल्यासारखा. कुणीतरी प्रवाशांची शिडी वाटेच्या कडेला सोडून गेलं होतं. पंखाचं टोक तिला घासलं, टोकाच्या दिव्याची काच फुटली, वीतभर पत्रा फाटला. आवाजासरशी त्याने ब्रेक लावला होता. कुणाला इजा झाली नाही.

सकाळीच मुदीरसाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मला बोलावलं. "अहवाल तू लिही, तुझं इंग्रजी बरं आहे." त्यांच्या टेबलावर माझ्या बढतीचा कागद पडून होता. ती बढती मिळाली तरच बायकोला आणण्याचा व्हिसा मिळणार होता, आणि तिकडे बायकोने लोणच्याच्या बरण्यासुद्धा बांधून ठेवल्या होत्या. मी लिहिलं : पंखाजवळच्या माणसाने थांबण्याचा इशारा दिला होता, चालकाने तो पाहिला नाही.

सहीसाठी कागद ट्रॅक्टरवाल्यापुढे ठेवला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"काय लिवलात?"

"दाट धुकं होतं, असं लिहिलंय."

"बरां केलात. धुक्याक कोण नोकरीवरसून काढतलो?" असं म्हणून हसत त्याने सही ठोकली.

आठवड्याच्या आत त्याचा विमानतळावर गाडी चालवण्याचा परवाना काढून घेतला. त्याला सुलैबियाच्या गोदामात पाठवलं, मोडक्या ट्रॉल्यांची चाकं बदलायला. मला बढती मिळाली. बायको आली, बरण्या आल्या, आम्ही मंगफला फ्लॅट घेतला.

तो खैतानला राही, आणखी सात जणांबरोबर. शुक्रवारी मी तिथे जेवायला जाई. ते सगळे एकटे राहणारे, चेष्टेला कुणी सापडलं की सोडत नसत. तो आमटीचं पातेलं घेऊन आला की कुणीतरी ओरडे, "डावीकडे शिडी आहे रे!" त्याने खुर्ची सरकवली की, "पंख सांभाळा!" तोही हसे. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत असे. एकदा तर, सांगायला लाज वाटते, 'याच्या लग्नाच्या वरातीत घोड्याला कांडी दाखवायला दोन माणसं ठेवली होती' हा विनोद मीच केला होता आणि तो पुढे वर्षभर चालला.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. समुद्रावर सहलीला जायला गाडी भाड्याने घेतली की तो किल्लीला हात लावत नसे. घाटात ट्रक चालवलेला माणूस गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसे, मांडीवर डबे घेऊन.

कायमचा परत निघालो, त्याआधी मी सुलैबियाला गेलो. तेव्हा नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. तो ट्रॉलीखाली आडवा होता. मी त्याच्या पायांशीच बोलायला सुरुवात केली. तोंड दिसत नव्हतं, ते सोयीचं होतं.

"त्या दिवशी मी पंखापाशी नव्हतो."

"माका म्हायत होता," ट्रॉलीखालून आवाज आला. "तुमचो कू मागसून इलो. लोकरीतसून इलो."

"मग थांबला का नाहीस?"

तो हसत बाहेर आला, हात पुसले. "मास्तर कू म्हणतत म्हणजे बरोबरच म्हणत असतले, असा वाटला."

इथेच थांबावं, असा मोह झाला. पण मी अहवालात काय लिहिलं होतं, तेही सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"तुमी 'थांब' म्हटलात, नि मी आयकलंय नाय, असा लिवलात?"

"हो."

त्याने पाना उचलून पेटीत ठेवला. "माका सांगून काय उपयोग, मास्तर? खैतानवाल्यांका सांगा. परवा शुक्रवार आसा."

त्या शुक्रवारी मी गेलो नाही. सामान बांधायचं आहे, असं कळवलं. सामान दोन दिवस आधीच बांधून झालं होतं.

यंदा कुवेतच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी जुन्या लोकांकडून आठवणी मागवल्या आहेत. खैतानच्या त्या सातांपैकी पाच जण तरी हा अंक घेतात. म्हणून इथवर लिहिलं आणि पाठवण्याआधी त्याच्या गावी फोन करून त्याला वाचून दाखवलं. तो अधूनमधून हुंकार देत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "टोपीचा इतक्या कित्याक लिवलात? लोक टोपीक हसतले नि तुमी सुटतलात."

खरं होतं. 

"मग काय लिहू?"

"माझा लिवा."

त्याने सांगितलं, मी लिहून घेतलं. बोली तेवढी अंकासाठी बदलली, बाकी जसंच्या तसं देतो : "मी त्या मैदानावर सहा वर्षं ट्रॅक्टर चालवला. त्या दिवसापर्यंत माझ्या हातून कशावर ओरखडासुद्धा उमटला नाही. त्या दिवशीही मी माणसाच्या चालीनेच चालवत होतो. मला थांब कुणी म्हटलं नव्हतं. चल म्हटलं होतं."

ते मी परत वाचून दाखवलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"वायच थांबा," तो म्हणाला. "घरातल्या माणसांका बोलवतंय. तेवढाच परत वाचा, पण सावकाश."

भांडी ठेवल्याचे, दार लोटल्याचे आवाज आले. कुणीतरी फोनचा आवाज मोठा केला. मी वाचलं. वाचून संपल्यावर त्याच्या बायकोने विचारलं, "म्हणजे ह्यांची चूक नव्हती?"

"नव्हती, वहिनी," मी म्हणालो. "माझी होती."