बारा बायकांची भिशी

मुलुंडच्या आमच्या इमारतीत बारा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्या ठरलेले पैसे देतात आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकीला मिळते. माझी बायको दर वर्षी शेवटचा नंबर मागून घ्यायची.

"बँकेत ठेवलेस तर व्याज तरी मिळेल," मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणायचो.

"बँक येते का घरी, कशी आहेस विचारायला? आणि पहिला नंबर म्हणजे उसनवारी, शेवटचा म्हणजे शिल्लक. वेळ काय सांगून येते?"

वेळ तिच्यावरच आली. ऑपरेशनसाठी आमच्या ठेवी मोडूनही पैसे कमी पडले. ते कळताच तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण स्वतःच्या पाळीची रक्कम घेऊन आली.

"माझा नंबर डिसेंबरचा आहे गं," बायको पडल्यापडल्या भांडली.

"मग डिसेंबरपर्यंत आजारी पडायचं नव्हतंस!"

दोघी हसल्या. ऑपरेशन झालं, पण ती दिवाळीपर्यंतच राहिली.

तिचे उरलेले हप्ते द्यायला मी जाऊ लागलो. बायका "राहू द्या" म्हणाल्या, पण मला जायचं होतं. घरात बोलणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटचा हप्ता दिला तेव्हा वाटलं, आता इथे यायला निमित्त नाही.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "भाऊजी, नव्या भिशीत तुमचं नाव घातलंय. पण पाळी आली की पोहे स्वतः करून आणायचे हं. विकतचे चालत नाहीत."

सध्या मी पोहे भिजवायला शिकतो आहे. दोनदा लगदा झाला.