सीसा वाली दवा

आमचा नरहर जन्मला भटजींच्या घरात आणि रमला इंजिनात. वडील बनारसच्या ब्रह्मा घाटावर मुलांना संथा द्यायचे आणि हा त्यांच्यासमोर बसून, गल्लीतून गेली ती मोटरसायकल कोणाची, हे आवाजावरून सांगायचा. मी त्याची थोरली बहीण, म्हणून स्पष्ट बोलते. यंत्रातली खोट त्याला लगेच कळते, माणसातली कधीच नाही. त्यातून गोपीनाथ म्हणजे पाठशाळेपासूनचा मित्र, आमच्याच पंगतीला जेवून मोठा झालेला. त्याच्यात खोट शोधायची तरी कशाला?

गोपीनाथने गंगेपलीकडच्या रेतीवर धंदा मांडला. रेतीत पळवायच्या जुन्या परदेशी मोटरसायकली नावेतून पलीकडे न्यायच्या आणि हौशी लोकांना भाड्याने द्यायच्या. दुरुस्तीचं काम नरहरकडे. पंपावरच्या पेट्रोलने त्या गाड्या खडखडायच्या, तापायच्या, म्हणून पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळावं लागे. त्याला इथे दवाच म्हणतात. आधी ती प्लास्टिकच्या डब्यातून यायची, पण तिने भागेना. मग गोपीनाथने कुठूनशा काचेच्या तपकिरी बाटल्या आणल्या, वर नाव ना गाव, आणि जाता जाता म्हणाला, "ई सीसा वाली हौ."

आता बनारसात श म्हणतो कोण? शहराचं सहर, शादीची सादी. आम्ही मराठी पोरं लहानपणापासून बाजारातला स मनातल्या मनात श करून ऐकत आलो. नरहरने सीसा ऐकलं आणि शीशा समजला. काचेची बाटली समोर होतीच. त्याला वाटलं, प्लास्टिकवाली गेली, काचवाली आली.

गोपीनाथ स्वतः ती बाटली रबरी हातमोजे घालून धरायचा. नरहर त्याला चिडवायचा, "काय रे, सोवळ्यात आलास का?" तो म्हणायचा, "संकठा देवीला जायचंय, हाताला वास नको." नरहर मात्र उघड्या हातांनी मिसळायचा, सांडलं की सदऱ्याला पुसायचा आणि त्याच सदऱ्यानिशी घरी येऊन लेकीला कडेवर घ्यायचा. त्याने भरवल्याशिवाय कस्तुरी घास घेत नसे.

कस्तुरी नुकती बोलायला लागली होती. मला 'आत्त्या' म्हणायची, मधला त चांगला दाबून. मग तिचं खाणं सुटलं. पोट धरून रडायची, आणि आलेले शब्द एकेक करून गेले. तिची आई गीता म्हणाली, दृष्ट लागली. मी म्हटलं, मीठमोहऱ्या ओवाळ हवं तर, पण आधी डॉक्टरकडे चल. नरहरचेही हात कापत होते, झोप उडाली होती. ते आम्ही दगदगीवर ढकललं.

डॉक्टरांनी पोरीचं रक्त तपासलं आणि म्हणाले, "बच्ची के खून में सीसा है."

"शीशा?" नरहर म्हणाला. "काँच कहाँ से आएगा?"

"काँच नहीं, सीसा. धातु. पहले पेट्रोल में पड़ता था, अब तो बंद है."

नरहर माझ्याकडे वळला. "ताई, शिसं," एवढंच म्हणाला, आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ते हातमोजे कशासाठी होते, हे त्याला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं हळूहळू उतरेल. पोरगी पुन्हा बोलेल का, ते मात्र आत्ता सांगता येत नाही.

मी गोपीनाथला घरी बोलावलं. आला, नेहमीच्या जागी बसला. कस्तुरी गीताच्या मांडीवर गप्प पडून होती. तिच्याकडे त्याने एकदाच पाहिलं.

"मी कुठे लपवलं?" तो म्हणाला. "सीसा वाली आहे, असं तोंडावर सांगितलं होतं."

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, जन्मभर आमच्याशी मराठीत बोललास. जेवायला मागितलंस ते मराठीत, बाप गेला तेव्हा रडलास ते मराठीत. आणि नेमका हाच शब्द बाजारातला? शिसं म्हणायला जीभ झडत होती?"

नरहरला अजूनही आशा होती. गोप्या म्हणेल, चुकलं रे, मलाच धड ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडावर ती आशा दिसत होती, आणि मला तिचा संताप येत होता.

"गोप्या," तो म्हणाला, "शिसं का नाही म्हणालास?"

गोपीनाथने मान वर केली नाही. "म्हणालो असतो, तर तू हात लावला असतास का?"