शेळीचं दूध आणि भुलीचं इंजेक्शन

लहान मुलाला भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, आणि ते रिकामं आहे का, हे मोठ्या माणसांना विचारण्यात काही अर्थ नसतो. आमच्या भागात "उपाशी आहे ना?" म्हटलं की "व्हय" तयारच असतं. म्हणून मी आडून चौकशी करते. इतकी वर्षं भुलीची डॉक्टर म्हणून काढल्यावर थोडी लबाडी माझ्याही अंगात मुरली आहे.

त्या बुधवारी बेंबळीकडचे एक शेळ्या राखणारे आजोबा पाच वर्षांच्या नातीला घेऊन आले होते. तळपायात बाभळीचा काटा मोडून तिचा पाय पिकला होता. पोरगी शेळीशिवाय टमटममध्ये बसेना, म्हणून शेळीही आली होती आणि आमच्या छोट्या रुग्णालयाच्या आवारात लिंबाला बांधलेली होती.

"रातच्यापासनं अन्नाला शिवली न्हाय," आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले.

मी मुलीशेजारी बसले. "तुझ्या शेळीनं सकाळी काय खाल्लं गं?"

"पाला."

"आणि तू?"

"कायबी न्हाय. निस्तं दूध पेलं. हितं आल्यावर, तिच्या खाली बसून."

"आबा!" मी आजोबांकडे वळले.

"दूध व्हय?" आजोबांना खरंच नवल वाटलं. "ते काय खाणं हाय का मॅडम? थानाला तोंड लावलं अन् दोन घोट पेली." रानात तहान लागली की शेळीखाली बसायचं, ही त्यांची जन्माची सवय. ते खाण्यात धरलंच जात नाही.

मी भडकले. पूर्वी एकदा अशाच एका "व्हय"वर मी विश्वास ठेवला होता. भुलीत त्या पोराला उलटी झाली. श्वासनलिकेत गेली नाही, हे त्याचं नशीब. माझी हुशारी त्यात काही नव्हती. "साडेआठला आलात तेव्हा दूध प्यायली ना? दूध पोटातून उतरायला सहा तास लागतात. मग अडीचला बघू," मी सांगितलं. सर्जन घड्याळाकडे बघून चरफडले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आजोबांनी खांद्यावरचं उपरणं काढून शेळीच्या थानाला करकचून बांधलं आणि तिच्या शेजारीच पहारा देत बसले. स्वतःही पाणी प्यायले नाहीत. मी पाठवलेला चहा परत आला. शेळी ओरडत होती, पोरगी ओरडत होती. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्हीच तेवढ्या राहिलात."

"मी सकाळीच ओरडून घेतलंय," मी म्हणाले.

अडीचला आजोबांनी नातीला उचलून टेबलावर ठेवलं. "उठंल न्हवं?" एवढंच विचारलं. मी "उठेल" म्हणाले. दर वेळी म्हणते, आणि दर वेळी मला भीती वाटते. एक मॉनिटर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मी, एवढंच तर असतं तिथं. काटा निघाला तो बोटाच्या पेराएवढा.

तासाभरानं तिनं डोळे उघडले. भुलीचं हे औषध उतरताना थोडा वेळ एकाचे दोन दिसतात. ती आजोबांकडे बघतच राहिली.

"आबा, तुमी दोन कसं झालाव?"

"बरंच झालं की. एक घरी ठिवू, एक शेळ्यांमागं धाडू," आजोबा म्हणाले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

हे औषधानं होतं, थोड्या वेळात जाईल, असं मी त्यांना समजावलं.

"जाऊ द्या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दिसतूय न्हवं म्या तिला? दोन काय, धा दिसू द्या."