यंत्राची सम

एमआरआयच्या नळकांड्यात मला निजवलं होतं. मेंदूच्या धमनीत साचलेला चरबीचा थर तपासायचा होता. यंत्र ठोके देऊ लागलं. जन्मभर तबला वाजवलेला माणूस मी, समेवर मान हललीच.

"काका, हलू नका. चित्र पुसट येतंय," बाहेरून यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली.

पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला दगडासारखा पडून राहिलो.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर धमनीच्या भिंतीला चिकटलेला करडा थर दाखवला. इतक्या वर्षांचा रियाजही तिथंच कुठेतरी साचला असणार. तो मात्र कुठेच दिसेना.

"आता मैफली पुरे," डॉक्टर म्हणाले.

"गोळ्या घेईन," मी म्हणालो. "पण दुसऱ्या खेपेलाही मी एकही सम सोडलेली नाही. तुमच्या यंत्राला कळलंसुद्धा नाही."