गच्चीवरच्या तीन जुन्या प्लेटा

नोकरीची सगळी वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली. निवृत्त झाले त्याच वर्षी यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू कायमची गेली. बोलणंही अर्धंच राहिलं. तेव्हापासून हे पलंगावर आणि मी पलंगाशेजारी.

पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लोकांच्या आई-बापांच्या तसल्या जखमा मी आयुष्यभर धुतल्या होत्या. म्हणून पहिल्याच महिन्यात हवेची गादी आणली. तिला एक छोटा पंप असतो. तो गादीच्या एका भागातली हवा काढून दुसऱ्या भागात भरत राहतो, त्यामुळं अंगाची एकच जागा दाबली जात नाही. पण पंप विजेवर चालतो. लाईट गेली की गादी हळूहळू बसते आणि माणूस खालच्या फळीवर टेकतो. आमचं घर गंगाखेडच्या पार कडेला आहे आणि आमच्या बाजूची लाईट गेली की ती कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही.

सोलार बसवायचं मी एकटीनं ठरवलं. सामानही एकटीनंच घेतलं. एक दुकानदार सगळं मिळून करून देतो म्हणाला होता, पण त्याला काहीही विचारलं की तो म्हणायचा, "सिस्टर, तुमी टेन्शन घेऊ नका." मी लेबल वाचल्याशिवाय कधी कुणाला गोळी दिली नाही. त्यामुळं महिनाभर मोबाईलवर बघून, वहीत लिहून, नांदेडच्या एका दुकानातून सहा प्लेटा, बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. बिलावर प्रत्येक प्लेटेचा नंबर छापलेला होता. ते बिल मी यांच्या औषधांच्या फाईलीत लावून ठेवलं.

आता बसवणारा माणूस पाहिजे होता. आमच्या गच्चीला जिना नाही, बाहेरून लोखंडी शिडी आहे. माझे गुडघे शिडीचं नाव काढलं तरी दुखतात. मी भावाला फोन केला.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, झरीला शेती करतो. अकरावी-बारावी त्यानं माझ्या क्वार्टरमध्ये राहून केली. माझ्या हातची भाकरी त्याच्याइतकी कुणी खाल्ली नसेल. हे पडल्यापासून तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा, यांची दाढी करून द्यायचा, गावाकडच्या गोष्टी सांगून यांना हसवायचा. त्यानं परभणीचा एक कारागीर शोधून आणला. सोलारचं रीतसर शिकलेला, कंपनीच्या नावाचा शर्ट घातलेला, बरोबर एक जोडीदार. मला तो माणूस बरा वाटला. बूट बाहेर काढून घरात आला, यांना नमस्कार केला.

काम दोन दिवस चाललं. पहिल्या दिवशी मी शिडीच्या दोन पायऱ्या चढले, तर भाऊच खाली आला.

"आक्का, पडशील न्हाईतर! तू दाजीपशी बस. वरचं मी बघतो की."

मी बसले. दोन्ही दिवस त्या तिघांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ त्याच्या गावच्या एका टेम्पोतून काही आणायला म्हणून गेला आणि तासाभरानं परत आला. मी विचारलं, तर म्हणाला, "अँगल कमी पडले होते." काम संपल्यावर कारागिरानं मोबाईलवर फोटो दाखवला. तीन काळ्याभोर प्लेटा उन्हात चमकत होत्या. मी म्हटलं, "बाकीच्या तीन?" तो म्हणाला, "त्या मागच्या रांगेत हायेत सिस्टर, एका फोटोत मावत न्हाईत." इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. त्या संध्याकाळी मी भावाच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तू होतास म्हणून झालं रे.

पहिले काही दिवस छान गेले. मग बॅटरी संध्याकाळपर्यंत भरेनाशी झाली. सकाळी लाईट गेली की इन्व्हर्टर थोडा वेळ टी-टी करायचा आणि गप्प व्हायचा. गादी बसायची. मी कारागिराला फोन केला.

"सिस्टर, कारखान्याचा सीझन चालू हाय," तो म्हणाला. "काजळी बसती प्लेटांवर. पानी मारा."

ते खरं वाटण्यासारखं होतं. ऊस गाळायला लागला की आमच्या दोरीवरच्या कपड्यांवरसुद्धा काळे कण पडतात. मी शेजारच्या गृहस्थांना विनंती करून आठवड्यातून दोनदा वर पाणी मारून घ्यायला लागले. फरक पडला नाही. परत फोन केला, तर म्हणाला, "थंडीचं ऊन हाय, तिरपं पडायलंय. जरा दम धरा." भावालाही सांगितलं. भाऊ म्हणाला, "मशीनच हाय आक्का, सुरुवातीला असंच असतंय."

याच दिवसांत भावजयीचा एकदा फोन आला होता. म्हणाली, "वन्सं, तुमी लय केलं आमच्यासाठी. इतकं कोन करतंय आजकाल?" मला वाटलं, तिच्या मुलीच्या आजारपणात मी दवाखान्यात राहिले होते, त्याबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "त्यात काय एवढं."

एका सकाळी यांचं अंग पुसताना कमरेच्या खाली हात थांबला. रुपयाएवढी जागा लाल झाली होती. बोटानं दाबलं, तरी लाली जाईना. चार दिवसांत तिथली कातडी सुटली. यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मी रोज ड्रेसिंग करत होते आणि रोज मला वाटत होतं, एवढी वर्षं लोकांना शिकवलं आणि स्वतःच्या घरात हे झालं.

मग मी नांदेडच्या दुकानात फोन लावला. तिथला माणूस शांत होता. इन्व्हर्टरवरचे आकडे त्यानं मला वाचायला लावले आणि म्हणाला, "बाई, तुमच्या सहा प्लेटांनी यापेक्षा खूप जास्त द्यायला पाहिजे. प्लेटांच्या मागच्या स्टिकरचे फोटो पाठवा."

शेजारच्या बाईंना यांच्याजवळ बसवलं, पदर खोचला आणि शिडीला हात घातला. एकेक पायरीवर थांबत गेले. वर पोचल्यावर आधी खालीच बसले. मग उठून मागच्या रांगेकडे गेले.

तिथं तीन प्लेटा होत्या, पण माझ्या नव्हत्या. माझ्या काळ्या. या निळ्या, आकारानंही लहान, एकीच्या काचेवर पांढुरके डाग, दुसरीच्या कडेला गंज. बिलाचा कागद मी कमरेला खोचून आणला होता. तरी मी वाकून तिन्हींचे नंबर वाचले. एकही जुळत नव्हता. उन्हात उभं राहून मी दोन-तीनदा वाचले, जणू वाचून वाचून ते बदलणार होते.

नांदेडच्या माणसानं फोटो बघून सांगितलं, "सगळ्या एका वायरीत जोडल्यात. जुन्या प्लेटा जेवढा करंट देतील, तेवढाच नव्याही देतात. म्हणून तुमच्या तीन चांगल्या प्लेटाही मेल्यासारख्या झाल्यात."

मी कारागिराला फोन केला. या वेळी ओरडले नाही, नुसतं विचारलं, "माझ्या तीन प्लेटा कुठं आहेत?"

तो म्हणाला, "सिस्टर, तुमी भावाला इचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"भाऊ मनले, आक्काला सांगून ठिवलंय. मला वाटलं घरचा मामला हाय."

"जुन्या प्लेटा नव्यांना जोडल्या की सगळ्याच मंद होतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. पर काम देनारा मानूस जे मनल ते आमी—"

"काम देणारी मी होते," मी म्हटलं. त्यावर त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी यांना शेजारच्या बाईंवर सोपवून सकाळच्या एसटीनं परभणी आणि तिथून दुसऱ्या गाडीनं झरी. रस्ताभर मी भावाच्या बाजूनं कारणं शोधत होते. कारागीर खोटं बोलत असेल. त्यानं दुसरीकडे विकल्या असतील. भावाला यातलं काही ठाऊक नसेल. झरीत उतरल्यावर मी घरी न जाता सरळ आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर गेले. तिथं त्याचा म्हशींचा गोठा आहे.

गोठ्याच्या पत्र्यावर तीन काळ्या प्लेटा होत्या. आत चार पंखे फिरत होते आणि म्हशी वाऱ्याला निवांत रवंथ करत होत्या. भावजय वैरण टाकत होती. मला बघून तिला आनंदच झाला.

"वन्सं! सांगून तरी याचं! बघा, तुमी दिलेल्या प्लेटा. ऊन तापलं की दूध कमी व्हायचं, आता जनावर सुखी झालं बगा."

मी विचारलं, "मी दिल्या, असं कुणी सांगितलं?"

तिचे हात वैरणीतच थांबले. भाऊ विहिरीकडून येत होता. मला पाहिलं आणि त्याची चाल मंदावली. त्या चालीतच मला कळलं.

"आक्का, मी सांगनारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"आगं, दोन मानसाला सहा प्लेटा कशाला लागत्यात? एक पंखा, एक टीव्ही अन् ती गादी. तीनात भागतंय. माज्या जुन्या तीन टाकल्याच की वर, मोकळी जागा न्हाई ठिवली. अन् तुजं-माजं कवापासून करायलीस तू?"

मी त्याला यांच्या जखमेचं सांगितलं. किती मोठी, किती खोल, धुताना हे तोंड कसं फिरवतात, ते सगळं एखादी पेशंटची केस सांगावी तसं सांगितलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही.

तो म्हणाला, "मला काय माहीत असं व्हईल."

"मी तुला फोन केला होता ना? बॅटरी भरत नाही म्हणून? तेव्हा तर माहीत होतं."

तो म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या, असं मला वाटत होतं. पण त्यानं मागायचासुद्धा त्रास घेतला नव्हता. बहिणीच्या घरात काय लागतं आणि काय नाही, हे त्यानं माझ्याच गच्चीवर उभं राहून, माझंच जेवण जेवून, परस्पर ठरवलं होतं.

भावजयीनं मला चहाला थांब म्हणून हात धरला. तिचा दोष नव्हता, तरी मी थांबले नाही.

दोन दिवसांनी टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी भावजय एकटीच बसली होती. मागं गोधड्यांत गुंडाळून तीन प्लेटा. म्हणाली, "मीच काढून घेतल्या. त्यांना बोलले मी लय." नांदेडच्या दुकानानं त्यांची माणसं पाठवली. ते काम करत होते तेव्हा मी शिडी चढून वर बसून राहिले. गुडघ्यांचं नंतर बघता येणार होतं. शेवटचा स्क्रू घट्ट झाल्यावर सहाही नंबर बिलाशी ताडून पाहिले, मग खाली उतरले. परभणीच्या कारागिराबद्दल मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं. त्यानं पुन्हा कधी फोन उचलला नाही.

जखम भरायला तीन महिने लागले. तिथं आता चकचकीत पातळ कातडी आहे. अशी जागा पुन्हा लवकर फुटते, म्हणून मी रोज बघते.

भाऊ आषाढात आला. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. यांनी त्याला ओळखीचं हसून डावा हात पुढं केला, कारण यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यानं तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "आक्का, चुकलं माजं."

"हो," मी म्हणाले. चहा ठेवला. त्यानं प्याला. पावसापाण्याचं थोडं बोललो, भाचीच्या परीक्षेचं बोललो. मनात मी वाट बघत होते की आता राग उतरेल, आता पहिल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. समोर बसलेला माणूस माझाच भाऊ होता आणि तरी चहाचा कप त्याच्या हातात देताना मी पाहुण्याला देतात तसा बशीत ठेवून दिला होता.

तो निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले. आमच्या घराची एक किल्ली यांच्या आजारपणापासून त्याच्याकडं असायची. ती मी मागितली. त्यानं खिशातला जुडगा काढला, नखानं कडी उघडायला त्याला जरा वेळ लागला, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून तो गेला.