कळवून ठरवलेली भेट

मुलीच्या प्रवेशाआधी नगरचे कॉलेज आणि तिथले वसतिगृह पाहून यायचे आम्ही ठरवले. शाळेच्या सहलीसारखेच मी नियोजन केले: नगर जिल्ह्यातल्याच आमच्या अकोल्याहून सकाळची एस.टी., विचारायचे प्रश्न क्रमाने वहीत. रीतीप्रमाणे प्राचार्यांना फोन करून दिवसही कळवला. ते म्हणाले, "या गुरुजी, सगळं नीट दाखवू."

हे ऐकून मुलगी म्हणाली, "पप्पा, साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर तुमच्या शाळेत आदल्या दिवशी काय काय करता?"

आदल्या दिवशी आम्ही संडास धुऊन घेतो आणि हुशार मुलांना पुढच्या बाकांवर बसवतो.

"तिथं मला चार वर्षं राहायचंय. तुम्हाला एकच दिवस जायचंय."

न कळवता गेलो असतो, तर वसतिगृहाच्या दारातूनच परत पाठवले असते. म्हणून असे ठरले की, मी प्राचार्यांशी बोलत बसावे आणि तेवढ्यात तिने तिथल्या मुलींना एकटीने गाठावे. त्यांनी सांगितलेले वाईट निघाले तर काय, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारले नाही. तिला हवा तो विषय शिकवणारे दुसरे कॉलेज जिल्ह्यात आम्हाला सापडले नव्हते.